ढगातपण लावायचं मलम

नाय, उनात लावतात ते मला समजतं, तुमाला सांगते, उनात माणूस काय वाटेल ते लावतो... पण ढगात? आभाळ भरून आलंय, कोंबड्या खुराड्यात शिरल्यात, आणि आमची भूमिका बोलते, "आजी, तोंड पुढं कर." अगो, ऊन कुठाय? तर बोलते ऊन ढगातून येतं. ढगातून पाऊस येतो एवढं मला माहीत होतं, आता ऊनपण तिथूनच यायला लागलं तर पाऊस कुठून यायचा, सांगा तुमी. बरं, घरात बसलं तरी लावायचं, म्हणे खिडकीतून येतं. आमच्या घराला खिडकी एक, ती गोठ्याकडं उघडते, तिच्यातून आजवर वासाशिवाय काय आलं नाय. मग लावायचं कशाला, ते मला अजून कळलं नाय.

थांबा, मी मधनंच सुरू झाले. गोष्टीला पाया पायजे.

तर सिद्धगडाच्या पायाशी, मुरबाड तालुक्यात, एक गाव होतं, म्हंजे अजून हाय, जाणार कुठं... त्या गावात राहायची एक म्हातारी, नाव तिचं गोदू. ती मीच. त्या म्हातारीला होता एक नातू, धनेश, त्याच्या पाठची एक नात, भूमिका, आणि एक होती ट्यूब. ट्यूबचं नाव मला घेता येत नाय, इंग्रजीत हाय. मी शाळेची पायरी नाय चढले, पण आकडे तेवढे ओळखते, तिच्यावर पन्नास लिवलंय. मी विचारलं, पन्नास काय गो, वय काय? म्हंजे पन्नाशीच्या माणसानं लावायचं? तर नाय. मग पन्नास दिवस पुरते? तर तसंपण नाय. भूमिका मुरबाडला पार्लरमधी शिकते, ती बोलली, "आजी, तो त्याचा एसपीएफ हाय." असं बोलली, जसं काय आता मला सगळं समजलं.

आणि आईबाप कुठं म्हणाल, तर हायत. माझा भिमा कंपनीत रातपाळी करतो, दिवसा झोपतो, आणि सून दिवसभर त्याच्या झोपेवर पहारा देते, कोंबडी ओरडली तरी धावते. त्यामुळं धनेशच्या लग्नाची सगळी पायपीट आली माझ्या गळ्यात.

धनेश शेती करतो. पावसात भात, पाऊस संपला की भेंडी. पोरगा असा की भेंडीच्या काट्यांनी हात सोलले तरी तोंडातून शब्द नाय. पण आता शेतीवाल्याला मुलगी द्यायला कोण तयार नाय, हे तुमाला मी काय सांगायचं, तुमच्यापण घरात बसलाच असेल एकादा. त्यात ह्याचं तोंड. एकोणतीसचा पोरगा, पण उनानं असा रापलेला की कपाळावर नांगर फिरवल्यासारख्या रेघा. एक मुलगी बघायला गेलो, सरळगावच्या पुढं. मुलगी चहा घेऊन आली, चांगली हसरी मुलगी, ती माझ्या पाया पडली, नवसूच्या पाया पडली, नवसू म्हंजे आमचा मध्यस्थ, पन्नाशीचा माणूस... आणि मग ती वाकली ती थेट धनेशच्या पायावर. तिला वाटलं हा नवरदेवाचा काका. आणि हा आमचा शहाणा, हात वर करून तिला "सुखी रहा" बोलला! आता ह्याच्यानंतर बोलणी काय होणार, चहा पिऊन उठलो.

घरी आल्यावर धनेश ओटीवर बसला आणि हळूच विचारतो, "आजी, मी खरंच म्हातारा दिसतो का गो?"

तुमाला सांगते, त्याचा आजा मेला तेव्हा असाच दिसत होता. हे मी पोराला कसं सांगू?

भूमिकानं मात्र मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ती ट्यूब घेऊन आली आणि भावाला बसवलं पाटावर, जशी मी तिला वेणी घालायला बसवायची. दोन बोटं भरून घ्यायचं, बोलली, आणि रोज लावायचं. मी बाजूलाच तांदूळ निवडत बसले होते, विचारलं, ह्यानं गोरा होईल का? बोलली नाय. ह्या रेघा जातील? बोलली, हायत त्या नाय जायच्या. काळे डाग? तेपण नाय. मग काय होईल गो? तर ती बोलते, "काय होणार नाय आजी, तेच तर. आता हाय तसाच राहील." अगो, हाय तसा राहील म्हणूनच तर मुली नको बोलतात! आणि कळायचं कधी, की लागू पडलं? तर तीस वर्षांनी. तीस वर्षांनी बोलते मला, माझ्या तोंडाकडं बघून. मग लावायचं कशाला?

पण लावलं. पोरगा गरीब, बहिणीचं ऐकतो. सकाळी लावलं, दुपारी परत लावलं, घामानं जातं म्हणून. सकाळी जेवलं तरी दुपारी जेवतोच ना आजी, असा मला दृष्टांत दिला. आता भेंडी तोडणारा माणूस, उनात ओणवा, त्याच्या तोंडावर हे पांढरं. घाम आला की डोळ्यात उतरतं, डोळे झोंबतात, मग हा रडत रडत भेंडी तोडतो. बांधावरून जाणारे काय सोडतात होय? एक बोलला, काय रे धनेश, बोहाड्याचा नाच तर होऊन गेला, तू सोंग उतरवलं नाय वाटतं. दुसरा बोलला, भेंडीला फवारायची बाटली तोंडावर उलटली काय. भिमा एकदा झोपेतून उठून पाण्याला बाहेर आला, पोराला बघून परत आत जाऊन झोपला. त्याला वाटलं स्वप्न.

असं करता करता चैत्र सरला आणि नवसूनं दुसरं स्थळ आणलं. शहापूरकडचं, किन्हवलीच्या पुढचं गाव. मुलीचं नाव रुपाली, शहापूरला मेडिकलच्या दुकानात कामाला, शिकलेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फोनवर फोटो बघून नाय बोलली नव्हती. भूमिका बोलली, बघितलंस आजी, मलमाचा गुण. मी बोलले, फोटो तर मागच्या दिवाळीचा हाय, मलमाच्या आधीचा.

आता आमच्यात काय हाय, मुलगी द्यायच्या आधी मुलीकडची एकादी बाई न सांगता घर बघून जाते. सांगून आलं की माणूस घर सारवतो, भांडी घासतो, मग खरं काय दिसणार? तर रुपालीची आत्या, कमळाबाई, अशीच एका दुपारी आमच्या दारात. बाई अंगानं भरलेली आणि नजर अशी, की आल्या आल्या तिनं हंड्याचं बूड बघितलं. मी बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. म्हटलं, पोरगा शेतावर राब भाजतो, येईलच.

राब तुमाला माहीत असेल, नसेल तर सांगते, पेरणीच्या आधी भाताच्या वाफ्यावर शेणी, पालापाचोळा, गवत असं सगळं पसरून पेटवायचं, मग जमीन भाजते, तण मरतं, रोप चांगलं येतं. पण जो भाजतो तो माणूस राहत नाय, नुसता कोळसा होतो. राख उडते, ती जिथं ओलं मिळेल तिथं बसते. आणि आमच्या धनेशच्या तोंडावर, दोन बोटं भरून, चिकट.

पोरगा बांधावरून वर आला तो असा... तुमाला कसं सांगू, तव्यावर पडून उठल्यासारखा. सगळं तोंड काळं, नुसते डोळे. त्याला कुणीतरी सांगितलं असणार पाहुणे आलेत, म्हणून त्यानं आपला चांगुलपणा म्हणून अंगणातच खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं. आणि तिथंच घात झाला. राख निघाली, पण सगळी नाय निघाली. कपाळाला एक पांढरा डाग, गालाला एक, हनुवटीला अर्धा, नाकाचा शेंडा पांढरा, बाकी काळं. वरून हसला, बोलला, "आत्या, नमस्कार करतो."

कमळाबाईनं कपबशी खाली ठेवली. चहा अर्धा तसाच. बोलली, मला एसटी गाठायचीय. म्हटलं, जेवून तरी जा. बोलली, नको नको. जाताना परत एकदा त्याच्याकडं बघितलं, आणि मला बोलली, "मुलगा स्वभावानं चांगला दिसतो हो." बाई जेव्हा स्वभावाचं बोलते तेव्हा समजून जायचं.

दोन दिवसांनी नवसू आला, चप्पल न काढता दारातच उभा. बोलला, गोदूकाकी, ते नको बोलतात. मुलाला कोड हाय, बोलतात. तुमी लपवलंत, बोलतात.

कोड म्हंजे अंगावर पांढरे डाग येतात ते. तसं त्यात काय नसतं, लागत नाय कुणाला, माझ्या माहेरच्या एका काकीला होतं, तिच्या हातची भाकरी अख्खं गाव खायचं. पण लग्नाच्या बोलण्यात हा शब्द एकदा शिरला की मुरबाडपासून शहापूरपर्यंत जीपच्या आधी पोचतो. आता दुसरीकडं कुठं मुलगी मागायची सोय नाय राहिली. नवसू गेला आणि मी ती ट्यूब घेऊन भूमिकापुढं आपटली. तोंडावर काय होणार नाय बोलली होतीस ना, म्हटलं, हे बघ काय झालं. पोरगी रडायला लागली. धनेश बोलला, "राहू दे आजी. मला नाय करायचं लगीन." असं बोलला आणि फावडं उचलून शेतावर गेला, तोंडाला काय न लावता. आणि मला तेच लागलं हो. इतके दिवस मी बोलत होते लावू नको लावू नको, आणि तो न लावता गेला तर मला वाटलं, ह्यानं आता आशा सोडली.

मग मी ठरवलं. म्हटलं, आपण त्यांच्या दारात जायचं, मलम लावूनच जायचं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत धुवायचं. डाग असतील तर धुवून जातील काय? बघा म्हणावं. माझी अक्कल बघा. मला ती तेव्हा फार मोठी वाटली.

रविवार गाठला. मीच लावलं त्याला, दोन नाय, चार बोटं. पुरावा म्हटला की भरपूर पायजे. पोरगा बैलासारखा मान पुढं करून बसला. जीपनं मुरबाड, मुरबाडहून एसटी, सरळगाव, किन्हवली करत... एसटीत एक लहान मूल ह्याच्याकडं बघून रडायला लागलं ते उतरेपर्यंत. कंडक्टर मला बोलला, आजी, हळद लावतात नवरदेवाला, चुना नाय. मी बोलले, तू तिकीट फाड.

त्यांच्या अंगणात गेलो. रुपालीचा बाप गाय बांधत होता. कमळाबाई शेजारच्याच घरात राहते, ती अशी आली, जसं दाराआड उभीच होती. तिच्यामागं आळीतल्या सगळ्या बाया. मी पदर खोचला, तांब्या मागितला, आणि बोलले, "बघा सगळ्यांनी. कोड हाय बोलता ना माझ्या नातवाला? हे मलम हाय, मलम. हे बघा, धुते."

आणि ओतला तांब्या. हातानं चोळलं. तुमाला सांगते, ते जास्त पांढरं झालं.

मला वाटलं पाणी कमी पडलं. अजून एक तांब्या. अजून चोळलं. चुन्याच्या भिंतीवर पाणी मारावं तसं ते पसरायला लागलं, कानात गेलं, केसात गेलं, पण उतरंना. रोज शेतावर घामानं जातं, आणि आज तांब्यानं जाईना! ह्या मलमाला माझ्याशी काय वैर होतं? धनेशचे डोळे झोंबून लाल झाले, त्यातून पाणी यायला लागलं, तर एक बाई दुसरीला बोलते, बिचारा रडतो बघ. कमळाबाई बोलली, "मी खोटं बोलत होते काय? बघा आता तुमच्या डोळ्यांनी." आणि मी, मी नुसती चोळतेय, माझे हात पांढरे, माझा पदर पांढरा, मनात म्हटलं गोदू, तू पोराचं लगीन मोडायला एवढ्या लांब तिकीट काढून आलीस.

तेवढ्यात आतून ती आली. रुपाली. हातात वाटी, काखेत फडका. माझा हात मनगटाला धरून बाजूला केला, बोलली, "आजी, सरा. पाण्यानं नाय जात ते, तेलानं जातं. एवढं कुणी लावतात का?" आणि वाटीतलं खोबरेल घेऊन तिनं आमच्या धनेशच्या कपाळाला लावलं. मग गालाला. मग हनुवटीला. मेडिकलमधी काम करते ना, तिला काय वाटलंच नाय, डब्यावरची धूळ पुसावी तसं चाललंय. आणि हा डोळे मिटून उभा, श्वास घेतो की नाय तेपण कळंना.

आता इथं काय झालं ते ऐका. दारात बाजेवर बसली होती रुपालीची आजी, सावळी. माझ्यापेक्षा मोठी, डोळ्यांनी दिसत नाय, पण त्या चार गावांत लग्नातली गाणी सांगणारी तीच, तिच्या गाण्याशिवाय तिकडं लगीन लागत नाय. तिनं विचारलं, काय चाललंय गो अंगणात, एवढ्या बाया कशाला? तर एक पोरगी ओरडून बोलली, "आजी, रुपाली मुलाला तेल लावते."

लग्नात हळदीच्या आधी नवऱ्याला तेल चढवतात, हे तुमी जाणता. सावळीला वाटलं, लगीनघर हाय. तिला वाटलं आपल्याला सांगायचं राहिलं, वय झालंय, विसरलो असू. तिनं घसा खाकरला आणि तेलाचं गाणं उचललं. खणखणीत. आणि बायांचं कसं असतं, कानावर गाण्याची पहिली ओळ पडली की दुसरी आपोआप तोंडातून येते, त्यांनी मागून उचललं. कमळाबाईनंपण! हात कमरेवर, तोंड वाकडं, पण गाते. मीपण गायले, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं त्या गाण्याची चाल जरा वेगळी हाय, पण जमवून घेतली.

आणि तेलाचं गाणं अर्धं सोडत नाय. सोडलं तर वाईट. त्यामुळं कुणी थांबवीना. रुपालीला मधी कळलं काय चाललंय, हात थांबला तिचा, तोंड लाल झालं, तर म्हातारी गाता गाताच बोलली, "थांबू नको गो, हात थांबवू नये." मग ती तशीच चोळत राहिली, आणि तेल टपटप टपटप ह्याच्या सदऱ्यावर. पार गावदेवीपासून मामापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन झाली तेव्हा कुठं म्हातारी थांबली.

रुपालीनं फडक्यानं तोंड पुसलं. आणि आतून निघाला आमचा धनेश. एकपण डाग नाय. काळा, रापलेला, कपाळावर रेघा, जसा होता तसा. सगळं अंगण बघतंय. मीपण निरखून बघितलं, म्हटलं एवढे महिने लावलंय, काय तरी फरक? काय नाय. मग लावायचं कशाला?

गाय तेवढी हंबरली. तेव्हा रुपालीच त्याला बोलली, हळू, पण मी बाजूलाच होते, "कानाला लावत नाय का तुमी? आणि मानेला? मान बघा किती जळलीय."

धनेश बोलला, "मला कुणी सांगितलं नाय."

झालं. हे त्यांचं पहिलं बोलणं. दुसऱ्या पोरापोरींचं काय काय असतं, फोनवर तासभर चालतं म्हणे... ह्यांचं कान आणि मान.

रुपालीचा बाप शांत माणूस, इतका वेळ गायीचं दावं हातातच होतं. तो बोलला, आता तेल चढलं, गाणं झालं, आईनं मामाचं नावपण घेतलं. आता हे उतरवायचं तर मधी लगीनच लावायला पायजे. मग मुलीकडं वळून विचारलं, तुझं काय म्हणणं हाय ते बोल, जबरदस्ती नाय. ती वाटी उचलत बोलली, "मला काय विचारता बाबा, तेल मीच लावलं ना." आणि आत गेली. कमळाबाई बोलली, मी तर पयल्यापासूनच बोलत होते मुलगा स्वभावानं चांगला हाय.

मी तोंड धुवायला गेले होते आणि लगीन घेऊन आले. घरी येऊन भिमाला उठवून सांगितलं तर तो बोलला, बरं, आणि कूस बदलली. सून मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून चुलीपुढं बसून रडली, आनंदानं.

पाऊस पडायच्या आत लगीन झालं. तेल परत चढवावं की नाय ह्याच्यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांचा वाद झाला, तो सावळीनं मिटवला, बोलली, एकदा लावलंय ते उतरलं कुठं होतं? थेट हळद लावा. धनेशनं रोपं लावली, त्याच्या बाजूला रुपाली, सुट्टीच्या दिवशी. एकमेकांच्या मानेला मलम लावून शेतात उतरतात, पावसात, गुडघाभर चिखलात. आता पावसात! मी ओटीवरून बघते. पण त्याच्या तोंडावर आता दुसरंच काय तरी दिसतं, तो हसला की त्या रेघा कुठं जातात कळत नाय. भूमिका बोलते मलम. रुपाली बोलते मलम. मी तांदूळ निवडत बसते.

आणि आता काय, तर रोज सकाळी रुपाली सगळ्यांना रांगेत उभं करते. भूमिका, मग सासू, मग भिमा रातपाळीहून आला की झोपायच्या आधी त्यालापण, बापडा विचारतो रात्रीच्या कामाला ऊन कुठाय, पण लावून घेतो. शेवटी मी. म्हटलं बाय, माझ्या तोंडाचं आता काय राखायचं राहिलंय? तर ती दोन बोटांनी हळूहळू लावते, कानाच्या मागंपण. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडाला असा हात कुणी लावला नव्हता. मी आपली डोळे मिटून घेते.

पण लावायचं कशाला, ते मला अजून कळलं नाय.

परवा मुरबाडला जात होते जीपनं. समोर एक बाई बसलेली, सारखी माझ्या तोंडाकडं बघतेय, माझ्या कानाकडं बघतेय. शेवटी तिला राहावलं नाय. माझ्याकडं वाकून, हळूच, लई मायेनं विचारलं, "आजी, तुमाला कोड आलंय का हो?"

म्हटलं, नाय गो बाय. मला नातसून आलीय.